चौदातला एक खडा गप्प

मागच्या महिन्यात या सदरात आपण मिठाच्या खड्याबद्दल बोललो होतो. त्यावर एका छोट्या वाचकाने विचारलं, ‘हिरासुद्धा खडाच ना? मग तो पाण्यात का विरघळत नाही?’ उत्तर मी याच महिन्यात देणार होते, पण अगदी सरळ, पाठ्यपुस्तकासारखं. मधल्या काळात आमच्या घरात जे झालं, त्यामुळे ते आता जरा वळणाने येणार आहे.

आमच्या सासूबाईंकडे हिऱ्यांच्या कुड्या आहेत. सासरची मंडळी मूळची झाशीची, पेशवाईत बुंदेलखंडात गेलेल्या मराठी घरांपैकी एक. कुड्या आजेसासूबाईंच्या. मधे एक खडा आणि भोवती सहा, असे एका कानाला सात, दोन्ही मिळून चौदा. आई आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांनी ठरवलं की कुड्या विकायच्या आणि आलेल्या पैशांचे दोन सारखे वाटे करून दोन नातींना द्यायचे. एक माझी मुलगी, अकरावीत आहे. दुसरी वन्संची, इंदूरला शिकते. वन्सं त्यासाठी मुद्दाम लखनौला आल्या, आणि शनिवारी संध्याकाळी आम्ही चौघी हज़रतगंजला गेलो.

ज्यांनी हज़रतगंज पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लखनौची माणसं इथे काही विकत घ्यायला येतात हे खरं, पण त्याहून जास्त नुसती फिरायला येतात. त्या फिरण्याला इथे चक्क क्रियापद आहे, ‘गंजिंग’. फिकट रंगाच्या एकसारख्या इमारती, काळ्या-पांढऱ्या पाट्या, जुन्या धाटणीचे दिव्याचे खांब, आणि हल्ली जमिनीखालून मेट्रो. बास्केट चाट खाऊन झाल्यावर सराफाकडे जाऊ, असं मुलीचं म्हणणं होतं. आईंनी नकार दिला. आधी काम.

सराफाने कुड्या हातात घेतल्या, डोळ्याला भिंग लावलं आणि मान डोलावली. ‘पुराना काम है. माल पन्ना का होगा.’ पन्ना म्हणजे छत्रसालाचं पन्ना. बाजीराव ज्याच्या मदतीला धावून गेला तो हा छत्रसाल, आणि मस्तानीमुळे आपण सगळेच त्याला ओळखतो. तिथे आजही हिरे निघतात. मग त्याने गल्ल्याखालून पेनासारखं यंत्र काढलं. डायमंड टेस्टर. टोक खड्याला लावायचं, हिरा असला तर ते वाजतं. पहिल्या कुडीचे सातही खडे वाजले. दुसरीचे एक, दोन, तीन, चार, पाच वाजले. सहावा वाजला नाही. त्याने टोक पुसलं, पुन्हा लावलं. सातवा वाजला. सहावा पुन्हा गप्प.

‘दीदी, तेरह बोल रहे हैं, एक चुप है.’

दुकानात एसी होता, तरी मला घाम फुटला. कारण बारा-तेरा वर्षांपूर्वी या कुड्या साफ करायला एका दुकानात कोण घेऊन गेलं होतं? मी. एकटी. आणि हे वन्संना ठाऊक होतं. त्या काही बोलल्या नाहीत. फक्त माझ्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. सराफ म्हणाला, यंत्रावर जाऊ नका, लॅबमध्ये पाठवतो, चार दिवसांत कागद येईल. आम्ही पावती घेतली आणि घरी आलो. बास्केट चाट राहूनच गेली.

ते चार दिवस घरात स्टीलच्या भांड्यांचाच आवाज होता. वन्सं आईंच्या खोलीत, मी स्वयंपाकघरात. मुलीला मात्र काहीतरी हाती लागल्यासारखं झालं होतं. रात्री ती पुस्तक घेऊन ओट्यापाशी आली. ‘आई, ते यंत्र नक्की काय मोजतं?’

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. तरी हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता, आणि मीही स्वतःला विचारला नव्हता. त्या रात्री आम्ही दोघींनी ओट्यावर बसून तो सोडवला. तोच आता तुम्हाला सांगते.

ते यंत्र उष्णता मोजतं. त्याचं टोक किंचित तापलेलं असतं. खड्याला लावल्यावर ते किती झपाट्याने थंड होतं, एवढंच ते बघतं. हिरा उष्णता विलक्षण वेगाने ओढून घेतो, तांब्याच्या साधारण पाचपट. म्हणून हिरा ओठाला लावला तर गार लागतो, आणि त्यावर फुंकर मारली तर धुकं क्षणात उडून जातं. काचेवरचं धुकं रेंगाळतं. जुने सराफ हेच करायचे, आणि पेनातलं यंत्र त्याचीच सुधारलेली आवृत्ती.

पण यात एक कोडं आहे. तांबं उष्णता वाहतं ते त्यातल्या मोकळ्या फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनमुळे. हिऱ्यात मोकळा इलेक्ट्रॉन एकही नाही, म्हणूनच त्यातून वीज जात नाही. मग उष्णता कोण वाहतं?

त्यासाठी हिऱ्याच्या आत जावं लागतं. कार्बनच्या प्रत्येक अणूला चार हात आहेत असं समजा. हिऱ्यात प्रत्येक कार्बन चारही हातांनी चार शेजारी कार्बनना धरतो. ते शेजारी एका ओळीत नसतात किंवा एका पातळीतही नसतात. चार कोपऱ्यांच्या पिरॅमिडसारखे, म्हणजे चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर बसलेले असतात. त्यातला प्रत्येक शेजारी आणखी तिघांना धरतो, ते आणखी तिघांना, आणि असं ते खड्याच्या कडेपर्यंत चालू राहतं. दोन अणूंमधलं अंतर सगळीकडे सारखंच, ०.१५४ नॅनोमीटर. हा हात म्हणजे सहसंयुज बंध, दोन अणूंनी इलेक्ट्रॉनची एक जोडी वाटून घेतलेली.

आता पाण्याशी तुलना करा. पाण्याच्या रेणूत दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन, तेही सहसंयुज बंधांनीच घट्ट बांधलेले. पण एक रेणू संपला की दुसरा सुरू होतो, आणि दोन रेणूंमधली ओढ त्या मानाने फारच सैल असते. बर्फ वितळतो तेव्हा ही सैल ओढ सुटते, आतला घट्ट बंध तसाच राहतो. मेणबत्तीचं मेण वितळतं, साखर चहात विरघळते, तिथेही हेच. साखरेचे रेणू एकमेकांपासून सुटून पाण्यात मिसळतात, पण रेणू स्वतः फुटत नाही.

हिऱ्यात ‘एक रेणू संपला’ असं कधी होतच नाही. सगळा खडा म्हणजे एकच अखंड जाळं. म्हणून या पदार्थांना महाकाय सहसंयुज रचना म्हणतात. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. एवढ्याशा हिऱ्यात कार्बनचे अणू किती, तर एकावर बावीस शून्यं. सगळे एकमेकांना धरून. तो विरघळवायचा तर सुटून जाईल असा तुकडाच नाही, आणि घट्ट बंध तोडण्याची ताकद पाण्यात नाही. छोट्या वाचका, हे तुझं उत्तर. मिठाचं वेगळं आहे. तिथे हात धरलेले नसतात, धन आणि ऋण भार एकमेकांना खेचत असतात. पाण्याच्या रेणूलाही धन-ऋण टोकं असल्यामुळे ते त्या भारांना आपल्याकडे ओढून घेतं.

आणि उष्णता? ती या जाळ्यातून थरथर होऊन पळते. एका टोकाचा अणू हलला की ताणलेल्या दोरीसारखे बंध ती हालचाल लगेच पुढे देतात. कार्बनचे अणू हलके, बंध अतिशय ताठ, आणि रचना सगळीकडे एकसारखी, त्यामुळे ही थरथर मधे अडत नाही. वाहणारा इलेक्ट्रॉन नाही, तरी तांब्याला मागे टाकलं, ते असं.

इथे मुलीने मला धरलं. ‘मग आई, तेरा खडे वाजले म्हणजे ते हिरेच, असं कशावरून? अजून कुणाची रचना अशी असेल तर?’

मला तिचा अभिमान वाटला आणि थोडी भीतीही वाटली. कारण आहे तसा पदार्थ. मॉइसनाइट. हे सिलिकॉन कार्बाइड, म्हणजे एक सिलिकॉन, एक कार्बन, पुन्हा सिलिकॉन, असं हिऱ्यासारखंच चार-चार हातांचं अखंड जाळं. १८९१ मध्ये एडवर्ड ॲचिसन हा अमेरिकन माणूस कृत्रिम हिरा करायला गेला आणि त्याच्या भट्टीत हे तयार झालं. त्याने नाव ठेवलं कार्बोरंडम. तुम्ही ते पाहिलेलं आहे. सुरीला धार लावायच्या दगडात आणि पॉलिश पेपरवर तेच असतं. निसर्गात ते १८९३ मध्ये हेन्री मॉइसां या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाला ॲरिझोनात पडलेल्या उल्केच्या तुकड्यात सापडलं. गंमत म्हणजे त्यालाही आधी तो हिराच वाटला होता. मॉइसनाइट उष्णता इतकी छान वाहतो की उष्णता मोजणारं साधं पेन त्यालाही हिराच म्हणतं. म्हणून नवी यंत्रं वीजही मोजतात, आणि चांगला सराफ भिंगातून पैलूंच्या कडा बघतो. मॉइसनाइटमध्ये मागच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्यात एकेरीच.

अमेरिकन डायमंड म्हणून जे मिळतं ते या घराण्यातलंच नाही. तो झिर्कोनियमचा ऑक्साइड, मिठाच्या जातीचा, भार-भाराने खेचलेला. उष्णता फार वाहत नाही. तिथे पेन गप्प बसतं. साध्या काचेवरही गप्प बसतं.

रात्री झोप लागत नव्हती तेव्हा मी मनातल्या मनात हिशेब मांडत होते. मॉइसनाइट दागिन्यांच्या बाजारात आला १९९८ मध्ये. म्हणजे मी कुड्या साफ करायला दिल्या तेव्हा तो मिळत होता. खडा बदलणारा हुशार असता तर त्याने तो बसवला असता, आणि पेन वाजलं असतं. वाजलं नाही म्हणजे एकतर बदलणारा हुशार नव्हता, किंवा खडा त्याच्या कितीतरी आधी बदललेला होता. हा पुरावा नव्हे, हे मला कळत होतं. पण रात्री दोन वाजता माणूस असल्या गोष्टींनाही धरून बसतो.

दुसऱ्या दिवशी वन्संनी पहिल्यांदा विषय काढला, तोही मुलीशी. ‘हिरा जगात सगळ्यात कठीण म्हणतात ना? मग आपण हातोडीने बघायला हवं होतं. खरा असेल तो फुटणार नाही.’ मुलगी किंचाळलीच. ‘आत्या, नाही!’

हा समज फार जुना आहे. प्लिनी हा रोमन लेखकसुद्धा लिहून गेला की ऐरणीवर ठेवून घाव घातला तर हिऱ्याऐवजी हातोडाच फुटेल. या एका वाक्यापायी जगभरात किती खऱ्या हिऱ्यांचा चुरा झाला असेल, देव जाणे. कठीण म्हणजे दुसऱ्या कशानेही ओरखडा न उठणारा, आणि त्यात हिरा पहिला आहे. पण न फुटणारा म्हणजे चिवट, आणि ते वेगळं. लोखंडावर घाव बसला की अणूंचे थर एकमेकांवरून सरकतात, लोखंड वाकतं आणि घाव पचवतं. हिऱ्यात सरकायला जागाच नाही, सगळ्यांचे हात ठरलेल्या दिशेनेच धरलेले. जाळ्यात काही पातळ्या अशा आहेत की तिथे बंध त्या मानाने कमी ओलांडावे लागतात. त्या पातळीवर नेमका घाव बसला की हिरा आरशासारखा सपाट चिरतो. हिरे कापणारे कारागीर याच गोष्टीच्या जोरावर मोठा खडा दोन भागांत फोडायचे.

वन्सं म्हणाल्या, ‘बरं झालं नाही मारली.’ त्या चार दिवसांत आम्ही दोघी एका वाक्यावर हसलो ते हे एकदाच.

हिरा कायमचा असतो, ही जाहिरातही पूर्ण खरी नाही, हे जाता जाता. हिरा जळतो. १७७२ मध्ये लव्हाझिए याने मोठ्या भिंगाने ऊन एकवटून हिरा जाळला. १७९७ मध्ये स्मिथसन टेनंट याने दाखवलं की हिरा जळून जितका कार्बन डायऑक्साइड होतो, तितकाच तेवढ्या वजनाच्या कोळशाचा होतो. म्हणजे दोन्ही कार्बनच. म्हणूनच डाग द्यायच्या वेळी जाणकार सोनार खड्याला बोरिक ॲसिडचा लेप देतात, हवा लागू नये म्हणून.

आणि त्याच कार्बनचं दुसरं रूप मुलीच्या कंपासपेटीत होतं. पेन्सिलीतलं ग्रॅफाइट. इथे प्रत्येक कार्बन तीनच शेजाऱ्यांना धरतो, आणि तेही एकाच पातळीत. मधमाशीच्या पोळ्यासारख्या षटकोनांची चादर तयार होते. चादरीतले बंध हिऱ्यातल्या बंधांहूनही आखूड, ०.१४२ नॅनोमीटर. पण दोन चादरींमधलं अंतर ०.३३५, आणि तिथे फक्त हलकी ओढ. कागदावर पेन्सिल फिरवली की चादरी सुटून कागदावर बसतात, ते आपलं अक्षर. चौथ्या हाताचा इलेक्ट्रॉन चादरीभर मोकळा हिंडतो, म्हणून ग्रॅफाइटमधून वीज जाते. कुलूप अडकायला लागलं तर तेल घालू नका, तेलावर धूळ बसते. पेन्सिलीचं शिस खरवडून त्याची पूड किल्लीला लावा. अलिगढचं कुलूप असो की कुठलंही, पुन्हा गुळगुळीत फिरतं. अर्थात चादरी नुसत्या आपल्या आपण घसरत नाहीत, त्यांना हवेतली थोडी ओल लागते. दुसऱ्या महायुद्धात विमानं फार उंच जाऊ लागली तेव्हा त्यांच्या विजेच्या यंत्रांमधले कार्बनचे ब्रश तिथल्या कोरड्या हवेत भराभर झिजले, आणि तेव्हा हे नीट लक्षात आलं.

चौथ्या दिवशी सकाळी मी वन्संना म्हटलं, ‘वन्सं, तुम्हाला वाटत असेल तर स्पष्ट बोला.’ त्या म्हणाल्या, ‘वहिनी, मला काही वाटत नाही. पण आईला काय वाटेल?’ याचा अर्थ लावायला मला रसायनशास्त्र उपयोगी पडलं नाही.

संध्याकाळी हज़रतगंजहून फोन आला. मुलगी आणि मी जाऊन कागद घेऊन आलो. खड्यावर लेसरचा प्रकाश टाकून परत येणाऱ्या प्रकाशाचा रंग किती बदलला ते मोजलं होतं. ही आपल्या सी. व्ही. रामन यांची पद्धत, रामन वर्णपट. हिऱ्याच्या जाळ्याची जी ठरावीक थरथर असते, तिची एकच ठसठशीत रेघ उमटते, १३३२ या आकड्यापाशी. रामन यांना स्वतःला हिऱ्यांचं वेड होतं, त्यांनी वर्षानुवर्षं हिरे जमवून त्यांचा अभ्यास केला. खडा कुडीतून न काढताही ही तपासणी होते. कागदावर लिहिलं होतं, तेरा खडे हिरे, नैसर्गिक. एक खडा क्वार्ट्झ.

‘नैसर्गिक’ हा शब्द का लागतो, तेही सांगायला हवं, कारण हल्ली लग्नसराईत प्रत्येकाला हा प्रश्न पडतो. प्रयोगशाळेत केलेला हिरा खोटा नसतो. तोही कार्बन, तेच चार हात, तेच ०.१५४ नॅनोमीटर. पेन त्यालाही वाजतं आणि रामनची रेघही तिथेच येते. अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीने १९५५ मध्ये तो केल्याचं जाहीर केलं, प्रचंड दाब आणि उष्णता देऊन. आता दुसरी पद्धतही आहे, मिथेन आणि हायड्रोजन वायूतून कार्बन थरावर थर बसवत हिरा वाढवायचा. फरक शोधायचा तर सूक्ष्म गोष्टींत शोधावा लागतो, नायट्रोजनचे अणू कुठे आणि कसे बसलेत, जाळं कुठल्या क्रमाने वाढलं. सराफाच्या पेनाने ते कळत नाही, प्रयोगशाळेचा कागदच लागतो. माझं मत विचाराल तर ज्याला आवडेल त्याने बिनधास्त प्रयोगशाळेतला हिरा घ्यावा, पण त्याची किंमत देऊन, जमिनीतल्या हिऱ्याची देऊन नव्हे. आणि पुढे विकून पैसे येतील या आशेवर तर मुळीच घेऊ नये.

क्वार्ट्झ म्हणजे स्फटिक. म्हणजे शुद्ध गारगोटी. सिलिकॉन आणि ऑक्सिजन. मुलगी रिक्षात म्हणाली, ‘म्हणजे हाही महाकाय रचनेतलाच!’ खरं होतं. स्फटिकात प्रत्येक सिलिकॉन चार ऑक्सिजनना धरतो आणि प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनमधला पूल होतो. कार्बन आणि सिलिकॉन आवर्तसारणीत एकाच गणातले, एकाखाली एक. पण कार्बनचा डायऑक्साइड हा वायू, आपण उच्छ्वासातून सोडतो तो. त्यात एका कार्बनने दोन ऑक्सिजनना दुहेरी बंधाने धरलं की रेणू संपला. सिलिकॉनला तसा दुहेरी बंध जमत नाही, म्हणून तो चार दिशांना एकेरी हात पसरतो, आणि वायूच्या जागी गोमतीकाठची रेती होते. ती वितळायला १७०० अंशांच्या वर जावं लागतं. फक्त हे जाळं हिऱ्याइतकं एकसुरी नाही, अणू दोन प्रकारचे आणि वाट वाकडी, त्यामुळे उष्णता अडखळत जाते आणि पेन गप्प राहतं. प्रकाशही हिऱ्याइतका वळत नाही. हिऱ्याचा अपवर्तनांक २.४२, स्फटिकाचा १.५४. मुलगी लहानपणी आईंच्या मांडीवर बसून कुड्या मोजायची आणि एका खड्याला ‘झोपलेला’ म्हणायची. ते तिला रिक्षातच आठवलं.

घर नदीपलीकडे, विद्यापीठाच्या बाजूला. वाटेत युनिव्हर्सिटी रोडवर बिरबल साहनी संस्था लागते. मुलीला उशीर करायचा होता, आणि खरं तर मलाही. म्हणून मी तिला त्या संस्थेच्या कोनशिलेची गोष्ट सांगितली. वनस्पतींच्या जीवाश्मांचे हे मोठे अभ्यासक. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी संस्थेची पायाभरणी केली, आणि ती शिळा साधी नव्हती, त्यात ठिकठिकाणचे जीवाश्म बसवलेले होते. त्यानंतर एकाच आठवड्यात, १० एप्रिलला, साहनी गेले. पुढे संस्था उभी केली ती त्यांच्या पत्नी सावित्री साहनी यांनी. साहनींनी ज्या जीवाश्मांवर बरंच काम केलं त्यातले काही आपल्याच शेजारचे, नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलाँचे. दख्खनचा लाव्हा थरांनी पसरत होता, तेव्हा दोन थरांच्या मधल्या काळात तिथे तळी होती, झाडं होती. पाण्यात विरघळलेली सिलिका त्या झाडांच्या पेशीपेशीत शिरली आणि हळूहळू लाकडाची जागा घेत गेली. लाकूड गेलं, आकार राहिला. आज त्याचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पेशींच्या भिंती दिसतात. आणि त्या दख्खनच्या दगडाच्या पोकळ्यांतले स्फटिक बघायचे असतील तर नाशिकजवळ सिन्नरला गारगोटी संग्रहालयात जा. मुलांना घेऊन जा.

घरी आलो. वन्सं दारातच होत्या. मी कागद टेबलावर ठेवला आणि म्हटलं, ‘आई, एक खडा स्फटिकाचा निघाला. मी कुड्या साफ करायला दिल्या होत्या, ते तुम्हाला...’

‘तू गप्प बस,’ आई म्हणाल्या. ‘तो मी बसवलाय.’

१९८३ साली झाशीला एका लग्नात त्यांच्या कुडीतला खडा पडला. वरात निघाली होती, गर्दी होती, सापडला नाही. आजेसासूबाई हयात होत्या, आणि त्यांच्यापुढे कुणाचं चालत नसे. आईंनी लखनौला परत आल्यावर, घरखर्चातून वाचवलेल्या पैशांत जे बसत होतं, ते बसवून घेतलं. कोंदणाला मागून वर्ख होता, पाठ बंद होती, त्यामुळे लांबून कळत नव्हतं. आजेसासूबाई गेल्या, सासरे गेले. मग सांगायचं तरी कुणाला, म्हणाल्या. शनिवारी दुकानात त्यांना पहिल्या क्षणीच कळलं होतं.

‘मग चार दिवस का नाही बोललात?’ हे मी नाही, वन्संनी विचारलं. त्यांचा आवाज चढला होता. आई म्हणाल्या, ‘चाळीस वर्षं बोलले नाही, तिथं चार दिवसांचं काय.’ मग थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘तुझ्यावर जाईल असं वाटलं नव्हतं. वाटायला हवं होतं.’

वन्सं उठून चहा टाकायला गेल्या. मी गेले नाही. रागच आला होता मला, आणि तो अजून पूर्ण गेलाय असं नाही.

पुढच्या सोमवारी तेरा खडे आणि सोनं दिलं. सराफाने चौदावा काढून कागदाच्या पुडीत बांधून परत केला. आईंनी ती पुडी शिवणाच्या डब्यात ठेवली. बास्केट चाट मात्र त्या दिवशी खाल्ली, आईंनीसुद्धा. वन्संना आंबट जास्त लागली.

मुलीने संध्याकाळी डब्यातून पुडी काढली. काच साधारण साडेपाच कठीण, स्फटिक सात, असं पुस्तकात होतं. आजीला विचारून तिने तो खडा स्वयंपाकघराच्या खिडकीच्या काचेवर एकदा दाबून ओढला. बोटभर लांब पांढरा चरा उठला. तो अजून आहे. सकाळी ऊन आलं की ओट्यावरून दिसतो.